मुलीला पवनऊर्जा शिकायला डेन्मार्कला पाठवावं का?

कृष्णाकाठ (कऱ्हाड)

मंडळी, नमस्कार. मी एका सहकारी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहे. थोरली मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली, पुण्यात एका कंपनीत डिझाइनला लागली, पण तिचा जीव पवनचक्क्यांत. ठोसेघरला गेलो की चाळकेवाडीच्या पठारापर्यंत गाडी नेल्याशिवाय ती परतू द्यायची नाही. आता तिला डेन्मार्कमधल्या डीटीयू या तंत्रविद्यापीठात पवनऊर्जेच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय.

फी सत्राला साडेसात हजार युरो, सत्रं चार. राहण्याखाण्याचं धरलं तर आकडा पन्नास लाखांच्या पुढे जातो. त्यासाठी जमीन तारण ठेवून कर्ज काढावं लागेल. बायकोची तयारी आहे, माझी अजून होत नाही. अमेरिकेला, जर्मनीला गेलेली मुलं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या आईवडिलांना विचारता तरी येतं. डेन्मार्कला गेलेलं ओळखीत कुणीच नाही. एजंटाला विचारलं तर तो एकच सांगतो, तो देश फार सुखी आहे. सुखी असेल, पण माझी मुलगी तिथे शिकायला जाणार आहे. तिथल्या शिकण्यात असं काय आहे की जे दुसरीकडे मिळणार नाही? तिकडे शिकलेल्या कुणी स्पष्ट सांगितलं तर उपकार होतील.

पुणे_मेक

काका, मी अमेरिकेत शिकून आलोय. तिकडे इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत काम करायची परवानगी मिळते, पगारही युरोपपेक्षा चांगले. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाख, भाषा वेगळी, नोकऱ्यांचा बाजार छोटा. जमीन तारण ठेवताय तर आधी कर्ज कसं फिटणार ते बघा. शिक्षण आजकाल सगळीकडे चांगलंच असतं.

पठारावरचा वारा (मूळ सातारा, सध्या कोपनहेगन)

काका, तुमच्या मुलीला जिथे प्रवेश मिळालाय तोच अभ्यासक्रम मी केला आणि आता इथेच एका सल्लागार कंपनीत वाऱ्याचा अंदाज बांधायचं काम करते. म्हणून सविस्तर लिहिते. अमेरिकेतल्या पगाराबद्दल पुणेकरांशी माझा वाद नाही. पण शिक्षण सगळीकडे सारखंच चांगलं असतं, हे मला अजिबात मान्य नाही. निदान या विषयात तरी नाही.

इथे विद्यार्थ्याला खऱ्या यंत्रापासून आणि खऱ्या आकड्यांपासून लांब ठेवत नाहीत. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा हाच.

विद्यापीठाचा मुख्य परिसर ल्युंगबीला आहे, पण वाऱ्याचं बरंचसं काम रॉस्किल्डजवळ रिसोला, फ्योर्डच्या, म्हणजे आत शिरलेल्या खाडीच्या काठावर चालतं. रिसो हे मुळात अणुसंशोधन केंद्र. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरच्या पुढाकाराने उभं राहिलं, 1958 मध्ये उद्घाटन झालं. 1978 मध्ये तिथेच पवनचक्क्यांचं चाचणी केंद्र निघालं आणि 1985 मध्ये डेन्मार्कने वीजनिर्मितीच्या आराखड्यातून अणुऊर्जा काढूनच टाकली. आज तिथे शेताच्या कडेला संशोधनासाठी ठेवलेल्या टर्बाइन उभ्या आहेत आणि शेजारी मोजणीचे खांब. मापनाच्या विषयाला आम्ही त्याच खांबांचे आकडे वापरले. वेगवेगळ्या उंचीवर वाट्यांचे वेगमापक, दहा-दहा मिनिटांच्या सरासऱ्या. पुस्तकातले आकडे स्वच्छ असतात, हे तसे नव्हते. वारा खांबाच्या मागून आला की वेगमापक खांबाच्याच आडोशात जातो आणि वेग कमी दाखवतो. त्या दिशांचे आकडे शोधून बाजूला काढायचे. थंडीत वाट्यांवर बर्फ धरलं की तेही ओळखायचं. आज माझ्या नोकरीत निम्मं काम हेच आहे.

दुसरी गोष्ट तर तुमच्या घरच्या पठाराचीच. रिसोमध्ये 1987 साली वॅस्प नावाचं सॉफ्टवेअर तयार झालं. एका खांबावर मोजलेल्या वाऱ्यावरून आसपासच्या डोंगरदऱ्यांत वारा किती असेल ते त्यातून काढता येतं. जगभर वापरतात, भारतातही. एका प्रकल्पासाठी जागा आम्हीच निवडायची होती. गटातल्या बाकीच्यांना मी सातारचं पठार घेऊया म्हटलं. गटात एक डॅनिश, एक स्पॅनिश आणि एक चिनी मुलगी होती. त्यांना काळा कातळ, सपाट माथा आणि सरळ तुटलेला कडा यांची कल्पनाच नव्हती.

आम्ही नकाशा भरला, गणित चालवलं, तर कड्याच्या अगदी काठावर वाऱ्याचा वेग भरमसाट आला. आमचे सर बघून म्हणाले, "तू तिथे उभी राहिली आहेस का?" मी म्हटलं, हो, कित्येकदा. मग त्यांना सडावाघापूरचं सांगितलं. पावसाळ्यात तिथे कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याने उलटं वर उडतं आणि काठापासून थोडं आत आलं की वारा एकाएकी गुंतल्यासारखा, दिशाहीन होतो. सर खुर्ची ओढून बसले. हे सॉफ्टवेअर वारा उताराला चिकटून वर चढतो असं धरून चालतं. उतार साधारण सतरा अंशांच्या वर गेला की प्रवाह जमिनीपासून सुटतो, मागे भोवरे होतात आणि गणित फुगतं. शिवाय टर्बाइनचं आंतरराष्ट्रीय मानक वारा आडव्यापासून आठ अंशांपर्यंत तिरका येईल असं गृहीत धरतं. आमच्या कड्यावर तर तो पाणी उचलतोय! पुढच्या तासाला सरांनी उलट्या धबधब्याचा व्हिडिओ सगळ्या वर्गाला दाखवला आणि माझ्याकडून समजावून घेतला. साताऱ्याच्या मुलीला जे डोळ्यांनी माहीत होतं त्याला तिथे किंमत मिळाली, आणि ते मी गणितात मांडायला शिकले. हे मला दुसऱ्या कुठल्या वर्गात मिळालं असतं असं वाटत नाही.

परीक्षेचंही सांगते, कारण आपल्याकडच्या मुलांना सुरुवातीला तिची धास्ती वाटते. बऱ्याच विषयांना तोंडी परीक्षा असते. आपल्या सरांबरोबर कित्येकदा बाहेरचा परीक्षक बसलेला असतो. बहुतेक वेळा चिठ्ठी उचलायची, विषय येईल त्यावर फळ्यापाशी उभं राहून बोलायचं आणि मग प्रश्न. पाठांतर दोन मिनिटांत उघडं पडतं. "हे गृहीत धरलं नाही तर काय होईल?" हा त्यांचा आवडता प्रश्न. गुणांची पट्टी उणे तीनपासून बारापर्यंत, मधले आकडेही ठरावीक. पास व्हायला दोन लागतात, सात हा चांगला सरासरी निकाल. मुलीने सात आणला तर घाबरू नका. एका परीक्षेला तीन संधी असतात.

वर्षाची रचनाही वेगळी आहे. तेरा आठवडे चार-पाच विषय, परीक्षा, आणि मग जानेवारी व जूनमध्ये तीन-तीन आठवडे दिवसभर एकच विषय. त्या तीन आठवड्यांत माणूस त्या विषयात इतका बुडतो की तो पुढे विसरत नाही.

हे सगळं इथेच का, तर त्यामागे मोठी परंपरा आहे. 1891 मध्ये आस्कोव्ह गावच्या लोकशाळेत पोल ला कूर नावाच्या शिक्षकाने वाऱ्यावर वीज तयार केली. पुढे तो खेड्यापाड्यांतल्या पोरांना वीजतंत्र शिकवू लागला. त्यातलाच एक, योहानेस यूल. त्याने 1957 मध्ये गेड्सरला दोनशे किलोवॅटची तीन पात्यांची टर्बाइन उभारली. आज जगात दिसतात त्या टर्बाइन त्याच वंशातल्या. समुद्रातला पहिला पवन प्रकल्पही इथलाच, 1991 चा विनेबी. आता देशात वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून जास्त वाऱ्याची असते. त्यामुळे ग्रिडचा, बाजारभावाचा, जुन्या पात्यांचं काय करायचं याचा अभ्यास इथे रोजच्या प्रश्नांवर होतो.

आणि काका, तुम्ही सहकारातले, म्हणून हे मुद्दाम लिहिते. कोपनहेगनच्या बंदराबाहेर मिडेलग्रुंडन म्हणून वीस टर्बाइनची रांग आहे, 2000 साली उभारलेली, प्रत्येकी दोन मेगावॅटची. त्यातल्या दहा एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या. भाग चाळीस हजार पाचशे आणि सभासद आठ हजारांच्या वर, बहुतेक साधी शहरी माणसं. मी पहिल्यांदा राहायला होते त्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका, त्यांच्याकडेही भाग होते. संस्थेच्या वार्षिक सभेला जाऊन त्या दुरुस्तीचा खर्च विचारायच्या, आपले सभासद उसाच्या दरावरून अध्यक्षांना धरतात तसं. आपल्या पठारावर जमीन गावकऱ्यांची आणि टर्बाइन बाहेरच्यांच्या. मालकी गावाचीही असू शकते, हे मी इथे डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या मुलीने हे पाहावं असं मला मनापासून वाटतं.

आता पैशाचं. इथला बाजार सध्या सोपा नाही. 2024 मध्ये ओर्स्टेड या इथल्या मोठ्या पवन कंपनीने शेकडो नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी डेन्मार्क सरकारने उत्तर समुद्रातल्या तीन गिगावॅटच्या निविदा काढल्या, तर वर्षाअखेरीस मुदत संपली तरी एकही बोली आली नाही. तेव्हा पदवी हातात आली की नोकरी ठेवलेलीच आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. विद्यार्थ्याला महिन्याला नव्वद तास काम करता येतं, जून ते ऑगस्ट पूर्णवेळ. इथे कंपन्यांत विद्यार्थी-मदतनीस ठेवायची पद्धत आहे आणि पुढची नोकरी पुष्कळदा त्यातूनच मिळते. पण पहिल्या सत्रात ते काम मिळेल असं गृहीत धरून कर्जाचा हिशेब करू नका. पहिल्या वर्षाचा सगळा खर्च आधीच हातात हवा.

शिक्षणानंतर राहण्याचे नियम अलीकडे सारखे बदलताहेत. एजंटाचं ऐकू नका, न्यू टू डेन्मार्क या सरकारी संकेतस्थळावर मुलीने स्वतः वाचावं आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा बघावं.

फ्योर्डकाठी (ट्रॉन्डहाइम, नॉर्वे)

ताईंनी छान लिहिलंय. यात एक भर घालतो, कारण असे धागे पुढे लोक वाचत राहतात. नॉर्वेत शिक्षण फुकट असतं असं अजून बरेच जण सांगतात. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ते 2023 च्या शरद सत्रापासून संपलं. स्वीडनने तर 2011 पासूनच फी लावली. त्यामुळे फुकटच्या आशेने इकडचा विचार करू नये.

मात्र पीएच.डी.चं गणित निराळं आहे आणि खरा फायदा मला तिथे दिसतो. या तिन्ही देशांत पीएच.डी. ही बहुतेक ठिकाणी नोकरी असते. जाहिरात निघते, अर्ज करायचा, मुलाखत होते, आणि निवड झाली की दरमहा पगार. फी शून्य. वर सुट्टी, निवृत्तिवेतन, बाळंतपणाची रजा, सगळं कर्मचाऱ्यासारखं. माझा नॉर्वेतला करार चार वर्षांचा आहे, त्यातला पाव वेळ शिकवण्याचा. भारतात चांगला प्रबंध केलेली, एम.टेक. झालेली मुलं सरळ या जागांसाठी अर्ज करू शकतात, कर्जाचा प्रश्नच नाही. काकांच्या मुलीचा ओढा संशोधनाकडे असेल तर एम.एस्सी.चा प्रबंध रिसोतल्या एखाद्या गटाबरोबर करावा. पुढची दारं त्यातून उघडतात.

कृष्णाकाठ

ताई, तुमचं उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवलं. उलट्या धबधब्याचं ऐकून मुलगी उठून उभीच राहिली! आम्ही सडावाघापूरला गेलेलो आहोत. मिडेलग्रुंडनचं मी उद्या कारखान्यात सांगणार आहे.

आता आईच्या शंका. मुलगी शाकाहारी आहे. तिकडे हिवाळ्यात दिवस फार लहान असतो म्हणतात, एकटी पडेल का? आणि डॅनिश भाषा शिकावीच लागते का?

पठारावरचा वारा

काकूंना सांगा, डाळ-तांदूळ-कणीक सगळं मिळतं. शहराच्या नोरेब्रो भागात अरब, तुर्की, पाकिस्तानी दुकानं आहेत, तिथे ते स्वस्त पडतं. वसतिगृहात मजल्यावर सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर असतं आणि आळीपाळीने सगळ्यांसाठी रांधायची पद्धत असते. माझ्या पिठलं-भाताच्या दिवशी कुणी बाहेर जेवायला जात नसे. बाहेरचं शाकाहारी जेवण मात्र महाग. डबा करायची सवय असू द्या.

अंधाराचं खरं आहे. डिसेंबरात उजेड जेमतेम सात तास, तोही ढगांतून. नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस पहिल्या वर्षी जड जातात, मलाही गेले. तेव्हा खोलीत बसून राहायचं नाही, हाच उपाय. विद्यार्थ्यांची संघटना इथे फार जुनी आहे, 1846 ची, आणि तिचे क्लब ढीगभर आहेत. नौकानयन, नाटक, सायकल दुरुस्ती, काय हवं ते. डॅनिश मुलं स्वतःहून बोलायला येत नाहीत, त्यात आढ्यता नसते. एकदा क्लबात किंवा गटात बरोबर काम केलं की ती मैत्री टिकते. गणपतीला मराठी मंडळी जमतात, मोदक होतात. रात्री प्रयोगशाळेतून सायकलवरून एकटी परतताना मला कधी भीती वाटली नाही. हा मोकळेपणा रोज अनुभवायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं.

अभ्यासक्रम पूर्ण इंग्रजीत आहे, डॅनिश नसली तरी पदवी मिळते. मोठ्या पवन कंपन्यांत कामही इंग्रजीत चालतं. पण छोट्या सल्लागार कंपन्या, नगरपालिका, वीज वितरण इथे डॅनिश लागते, आणि बाजार मंदावला की छोट्याच कंपन्या माणसं घेत असतात. सरकारी मदतीचे भाषावर्ग असतात. निवासी क्रमांक मिळाला की लगेच नाव घालायला सांगा, शेवटच्या वर्षावर ढकलू नका. उच्चार कठीण आहेत, वाचायला मात्र लवकर येतं. डॉक्टरांचं पिवळं कार्डही त्याच क्रमांकावर मिळतं, त्यावर डॉक्टरकडे जाणं मोफत.

सगळ्यात घाईची गोष्ट घराची. प्रवेश स्वीकारल्याच्या दिवशीच विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायादीत नाव घाला, सप्टेंबरात आलेल्या मुलांना खोल्या मिळता मिळत नाहीत. फेसबुकवर कुणी चावी न दाखवता आगाऊ भाडं मागितलं तर एक क्रोनरही पाठवू नका. मुलीला मला इथे निरोप टाकायला सांगा. कोणत्या भागातली खोली परवडेल आणि पहिल्या सत्रात कोणते विषय बरोबर घेऊ नयेत, ते तिच्याशी बोलून सांगते.